आईच्या शेंगा चटणीचे व्हिडिओ आणि ४५ हजारांचं बजेट: प्रोसेसर कोणता घ्यावा?

कडकभाकरी:

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापुरात साखर पेठेत राहतो. आई शेंगा चटणी, कडक भाकरी, हुलग्याचं माडगं असे घरचे पदार्थ करते आणि मी त्यांचे व्हिडिओ काढते. एडिटिंगही माझ्याकडेच. दीड वर्ष झालं. यातून पैसे मिळत नाहीत, तो हेतूही नाही. आजीने आईला जे हाताने शिकवलं ते कुठेतरी नीट राहावं, एवढ्यासाठी चाललंय.

मशीन जुनं आहे. आय५-३४७०, ८ जीबी रॅम, साधी हार्डडिस्क, वेगळं कार्ड नाही. एडिटिंगचं सॉफ्टवेअर शॉटकट, मोफतवालं. दिवाळीत नवा फोन घेतला, तो फोर-केमध्ये शूट करतो, आणि तेव्हापासून सगळं अडलंय. टाइमलाइनवर क्लिप टाकली की चित्र जागच्या जागी थांबतं आणि आवाज पुढे जातो. शेंगा कुटताना एक क्षण येतो, कूट कोरडा असतो आणि पुढच्या दोन-तीन घावांत त्याला तेल सुटतं, रंग बदलतो. व्हिडिओत दाखवायचं ते तेच. पण चित्रच हलत नाही, तर कट कुठे मारू? १२ मिनिटांचा व्हिडिओ रात्री एक्स्पोर्टला लावते, तो सकाळी मिळतो.

दुसरी अडचण वेगळी आहे. सुरुवातीला मुसळाचा घाव आणि आवाज जुळलेले असतात. दहाव्या-अकराव्या मिनिटाला मुसळ उखळात पडतं आणि ठक्क आवाज मागाहून येतो.

नवी पेठेत तीन दुकानं फिरले. एक म्हणाला सेकंडहँड आय७ घ्या. दुसरा म्हणाला रायझन ५ ५६००जी. तिसरा म्हणाला आय५-१२४००एफ घ्या आणि सोबत एक लहान ग्राफिक्स कार्ड टाका. मॉनिटर, कीबोर्ड आहेत. बजेट ४५ हजार, त्यावर एक रुपया नाही. काय करू?

---

हार्डवेअरअण्णा:

ताई, प्रोसेसर राहू द्या बाजूला. आधी मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाका, फोनमधली मूळ फाइल त्यात उघडा आणि पाच गोष्टी इथे लिहा: फॉरमॅट, रिझोल्युशन, बिट डेप्थ, बिट रेट आणि फ्रेम रेट मोड. व्हॉट्सअॅपवरून आलेली फाइल नको, ती आधीच दाबलेली असते. केबल लावून कॉपी करा.

माझं दुरुस्तीचं काम आहे. एडिटिंगसाठी मशीन विचारायला आलेल्या माणसाला मी हाच प्रश्न आधी विचारतो. कॅमेरा काय लिहितो ते कळल्याशिवाय प्रोसेसर सुचवणं म्हणजे माप न घेता झंपर शिवणं.

---

कडकभाकरी:

केलं. फॉरमॅट एचईव्हीसी. ३८४० बाय २१६०. बिट डेप्थ ८. बिट रेट साधारण ५० मेगाबिट प्रतिसेकंद. फ्रेम रेट मोडसमोर ‘व्हेरिएबल’ लिहिलंय, किमान २४ आणि कमाल ३०. याचा अर्थ काय?

---

हार्डवेअरअण्णा:

तुमच्या दोन्ही अडचणींचं मूळ याच पाच ओळींत आहे. सविस्तर लिहितो, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

एचईव्हीसी म्हणजेच एच.२६५. जुन्या एच.२६४ च्या साधारण निम्म्या जागेत तेवढ्याच दर्जाचं चित्र बसवणारी ही पद्धत. जागा वाचते कशी? प्रत्येक चित्र पूर्ण लिहीत नाहीत. एक पूर्ण चित्र, आणि नंतर बराच वेळ फक्त काय बदललं तेवढंच. दुकानाच्या वहीत रोजची शिल्लक न लिहिता नुसती जमा आणि खर्च लिहिला, तर १७ तारखेची शिल्लक सांगायला १ तारखेपासून बेरीज करत यावं लागतं. तसंच इथे. तुम्ही टाइमलाइनवर मधेच बोट ठेवलं की संगणक मागच्या पूर्ण चित्रापर्यंत जातो आणि तिथून हिशेब करत येतो. सिनेमा पाहताना हे जाणवत नाही, कारण आपण सरळ पुढे जातो. एडिटिंगमध्ये पुढे-मागे सतत करतो, म्हणून दम लागतो.

हा हिशेब करायला आताच्या चिपमध्ये वेगळा भाग कोरलेला असतो. इंटेलने तो क्विक सिंक नावाने २०११ मध्ये आणला. तुमचा आय५-३४७० हा २०१२ चा, तिसऱ्या पिढीचा. त्यातला तो भाग एच.२६४ ओळखतो, एच.२६५ ओळखत नाही. इंटेलमध्ये ८ बिट एच.२६५ सहाव्या पिढीपासून आणि १० बिट सातव्या पिढीपासून आलं. म्हणजे तुमच्या नव्या फोनच्या फाइलचा सगळा भार चार जुन्या कोअरवर पडतो. मशीन बिघडलेलं नाही, त्याला ही लिपी वाचता येत नाही.

आता दुकानदारांचं.

सेकंडहँड आय७: कितव्या पिढीचा ते विचारा. डॅशच्या पुढचा आकडा बघा. ३७७० असेल तर तो तुमच्याच मशीनचा थोरला भाऊ, एच.२६५ त्यालाही येत नाही. बाराव्या पिढीचा साधा आय३-१२१०० त्याला सहज मागे टाकतो. आय३, आय५, आय७ ही नावं एकाच पिढीत तुलना करायला ठीक असतात, पिढ्या बदलल्या की त्यांना अर्थ उरत नाही.

रायझन ५ ५६००जी: चांगली चिप. ६ कोअर, १२ थ्रेड, सोबत वेगा ग्राफिक्स. एच.२६५ ती वाचते. एव्ही१ ही त्याहून नवी पद्धत मात्र वाचत नाही.

आय५-१२४००एफ: नावातला ‘एफ’ म्हणजे चिपमधलं ग्राफिक्स बंद. त्याबरोबर क्विक सिंकही जातं. एडिटिंगसाठी नेमकं हवं तेच काढून टाकलेली चिप थोड्या बचतीसाठी का घ्यायची? आणि ‘लहान कार्ड’ म्हणजे कुठलं? जीटी १०३० असेल तर त्यात एन्कोडर, म्हणजे तयार व्हिडिओ लिहून काढणारा भाग, नाही. रेडियन आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटीमध्येही नाही. म्हणजे एक्स्पोर्टला त्यांची मदत शून्य.

तुमच्या कामासाठी माझं मत: आय५-१२४००, एफ नसलेला. ६ कोअर, १२ थ्रेड, १८ एमबी कॅश. बोर्ड डीडीआर४ वाला एच६१०, रॅम ८-८ च्या दोन पट्ट्या, ५०० जीबी एनव्हीएमई, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी वेगवान एसएसडी. चिपमधलं ग्राफिक्स मुख्य रॅममधूनच जागा घेतं, त्यामुळे १६ ची एकच पट्टी टाकली तर वाट अर्धी होते. दुकानदार ‘नंतर वाढवता येईल’ म्हणून एकच पट्टी देऊ पाहतात, ऐकू नका. एच६१० ला स्लॉट दोनच असतात हे मात्र ध्यानात ठेवा, पुढे ३२ करायचं तर दोन्ही पट्ट्या बदलाव्या लागतील. तुमची जुनी रॅम डीडीआर३ आहे, ती कुठेच बसणार नाही.

आवाज मागे पडण्याचं कारण ‘व्हेरिएबल’ या शब्दात आहे. नवा प्रोसेसर घेऊनही ते जाणार नाही. त्यावर उद्या लिहितो, दुकान बंद करायची वेळ झाली.

---

होममैदान:

एफ विषयी अण्णा म्हणतात ते मी स्वतः भोगलंय, म्हणून लिहितो.

मी दरवर्षी गड्ड्याची यात्रा शूट करतो. नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा. जिकडे बघावं तिकडे पांढऱ्या बाराबंद्या, वर जानेवारीचं लख्ख ऊन. ८ बिटमध्ये तो पांढरा रंग एकदा जळाला की नुसता कागद दिसतो. उजेड मी शूट करतानाच आवरतो, पण नंतर रंग सुधारताना बाराबंदीची घडी आणि सावली टिकावी म्हणून मिररलेस कॅमेऱ्यावर १० बिट ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगाची जास्त बारीक माहिती ठेवून, घेतो. चित्र फार सुंदर येतं. एडिट करायला बसलो आणि मशीन बसलं.

माझा तेव्हाचा प्रोसेसर एफवाला होता, सोबत एनव्हिडियाचं आरटीएक्स ३० मालिकेतलं कार्ड. दुकानदाराने (नाव घेत नाही) सांगितलं होतं की कार्ड असताना चिपमधलं ग्राफिक्स लागतच नाही. गेम खेळणाऱ्याला ते खरं आहे. पण एनव्हिडियाच्या कार्डांना ४:२:२ वाचणं आरटीएक्स ५० मालिकेपासून, म्हणजे २०२५ पासून जमायला लागलं. इंटेलच्या चिपमधलं ग्राफिक्स हेच एच.२६५ चं ४:२:२ अकराव्या पिढीपासून वाचतं. महागडं कार्ड हात टेकून उभं, आणि मी काढून टाकलेला भाग काम करणारा. माझं एडिटिंग सॉफ्टवेअर प्रीमिअर क्विक सिंक वापरतं, त्यामुळे फरक थेट टाइमलाइनवर दिसतो. शेवटी चिप विकून एफ नसलेली घेतली. बोर्ड, रॅम, कार्ड सगळं तेच होतं, आणि अक्षता सोहळ्याची क्लिप अडखळायची थांबली.

ताई, तुमचा फोन ८ बिटच देतो, तुम्हाला ४:२:२ ची आज गरज नाही. पण उद्या कॅमेरा घेतलात तर?

---

जुळेसोलापूर:

अण्णांच्या मताला थोडा विरोध करतो. ताई शॉटकट वापरतात. शॉटकट फिल्टर लावायला मुख्यतः प्रोसेसरच्या कोअरवर चालतं, हार्डवेअरची मदत प्रामुख्याने एक्स्पोर्टला घेतं. मग क्विक सिंकचं एवढं कौतुक ताईंना किती लागू आहे? ५६००जी सुद्धा ६ कोअर १२ थ्रेडच आहे.

आणि इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या चिप खराब होत होत्या ना? २०२४ मध्ये केवढा गाजावाजा झाला.

तिसरं, १५ हजार वाढवले तर मॅक मिनी एम४ येतो. भारतात तो २०२४ मध्ये ५९,९०० ला आला, १६ जीबी रॅमसह. एच.२६४, एच.२६५, अॅपलची स्वतःची प्रोरेस पद्धत, सगळं त्याच्या मीडिया इंजिनात आहे. आकाराने डब्याएवढा, आवाज जवळजवळ नाही.

---

हार्डवेअरअण्णा:

पहिला मुद्दा बरोबर, आणि चांगला पकडलात. शॉटकटमध्ये ताईंना फरक जाणवेल तो कोअरच्या वेगामुळे. १२४०० चा एकेक कोअर ५६००जीच्या कोअरपेक्षा वेगवान आहे, म्हणून मी तरीही तिकडेच झुकतो. क्विक सिंक एक्स्पोर्टला लागेल, आणि पुढे सॉफ्टवेअर बदललं तर टाइमलाइनलाही. मात्र १२४०० चा बोर्ड मिळाला नाही आणि ५६००जी चांगल्या भावात मिळाला, तर ताईंनी मन मारून घेतला असं होणार नाही. काम होईल.

इथे रिझॉल्व्ह या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरचं सांगून ठेवतो, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती ४के ६० फ्रेमपर्यंत एक्स्पोर्ट देते, रंगकामाला तिच्यासारखं दुसरं नाही. पण ती सगळा जोर ग्राफिक्स कार्डावर टाकते. या बजेटमध्ये नुसत्या चिपमधल्या ग्राफिक्सवर ती ओढत ओढत चालेल. लिनक्सवर मोफत आवृत्ती एच.२६४-२६५ उघडतच नाही, हे बऱ्याच जणांना इन्स्टॉल केल्यावर कळतं.

१३व्या-१४व्या पिढीचा दोष खरा आहे. व्होल्टेज वाढून चिप झिजत होत्या, इंटेलने बायोसमधून दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. १२वी पिढी त्यात नाही. १२४०० निर्धास्त घ्या.

मॅक मिनीबद्दल वाद नाही. पण ताईंनी लिहिलंय की एक रुपया जास्त नाही. १५ हजार ‘वाढवले तर’ हे वाक्य आपण इथे फार सहज लिहितो.

---

जुळेसोलापूर:

मान्य. तो मुद्दा मागे घेतो. पण मग उलट बाजूने सांगतो: ज्यांचं बजेट २० हजारांच्या आसपास आहे त्यांनी ऑफिसमधून निघालेली आय५-८५०० ची मशीनं बघावीत. ६ कोअर, १० बिट एच.२६५ वाचणारं ग्राफिक्स, आणि विंडोज ११ चालतं. त्यांचा पॉवर सप्लाय बऱ्याचदा त्या कंपनीच्याच मापाचा असतो, तेवढं बघून घ्या.

---

कडकभाकरी:

सगळ्यांचे मनापासून आभार. दोनदा वाचलं, वहीत उतरवलं. एक शंका: जुन्याच मशीनला एखादं कार्ड टाकलं तर? इंटेलचं आर्क ए३८० एच.२६५ आणि एव्ही१ दोन्ही करतं असं वाचलं. खर्च खूप वाचेल.

---

हार्डवेअरअण्णा:

नको. आर्कला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो, इंटेल दहाव्या पिढीपासूनची मशीनं सांगतं. तुमच्या बोर्डात ते नाही. शिवाय विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तुमच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्या मशीनवर आता पैसे घालू नका.

आता आवाजाचं. तुमचा फोन कमी उजेडात फ्रेम कमी करतो. स्वयंपाकघरात अंधारलेल्या कोपऱ्यात २४, खिडकीपाशी ३०. एडिटर धरून चालतो की सगळ्या फ्रेम समान अंतरावर आहेत. थोडं थोडं इकडे-तिकडे, असं साचत साचत अकराव्या मिनिटाला मुसळ आणि आवाज वेगळे पडतात. शॉटकटमध्ये ती फाइल उघडताना एक चौकट येते, फ्रेम रेट बदलता आहे, एडिटिंगजोगी करून घेऊ का असं विचारते. तुम्ही ती बंद करत असाल.

ती बंद करू नका. ‘गुड’ निवडा. प्रत्येक चित्र पूर्ण लिहिलेली नवी फाइल तयार होते, फ्रेम समान होतात. मघाच्या वहीत रोजची शिल्लक लिहिली गेली असं समजा. फाइल मोठी होते, म्हणूनच एनव्हीएमई हवी. त्यानंतर सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी चालू करा, म्हणजे एडिट करताना लहान प्रत वापरली जाईल आणि एक्स्पोर्टला मूळ. हे तुमच्या आत्ताच्या मशीनवरही आज रात्री करून बघा. वेळ लागेल, पण होईल. त्याला पैसे पडत नाहीत.

जागेचा हिशेब: ५० मेगाबिट म्हणजे सेकंदाला सव्वासहा एमबी, मिनिटाला ३७५ एमबी, तासाला साडेबावीस जीबी. जुनी हार्डडिस्क फेकू नका, संपलेले व्हिडिओ तिच्यावर ठेवा.

---

पूर्वभाग:

मंडळी, तुम्ही सगळे चिपवर बोलताय, सोलापूरच्या उन्हाळ्यावर कोणीच नाही. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. ती हवा ओढूनच पंखा चिप थंड करणार. १२४०० ची मर्यादा १०० अंश आहे, तिथे पोचली की चिप स्वतःच वेग कमी करते. माझं एक्स्पोर्ट पहाटे लवकर होतं, दुपारी तेच काम रेंगाळतं.

आमच्याकडे अजून एक त्रास. घराशेजारी यंत्रमाग. टॉवेलच्या सुताचे बारीक तंतू हवेत असतात. गेल्या वर्षी मशीन आपोआप बंद पडू लागलं. प्रोसेसर गेला समजून मी नव्याच्या चौकशीला लागलो होतो. झाकण उघडलं, पंखा वर काढला, तर खाली हीटसिंकच्या पात्यांवर पांढरं पांघरूण. अक्षरशः चादरीसारखं एका तुकड्यात निघालं, बोटाने. त्यानंतर मशीन अजून तसंच चालतंय.

दर दोन महिन्यांनी साफ करतो. ब्रश मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेने गरगर फिरू देऊ नका. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, वीतभर उंच ठेवा. समोर जाळी असलेलं घ्या, काचेने बंद केलेलं दिसायला छान असतं पण आपल्या गावाला चालत नाही. आणि ताई, तुमचं मशीन स्वयंपाकघराजवळ असेल तर फोडणीची वाफ आणि तंतू मिळून चिकट थर बसतो, तो ब्रशने निघत नाही. खोली बदला.

---

होममैदान:

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. मी आजच उघडून बघतो.

ताई, अजून एक. फ्रेम कमी होऊ नयेत म्हणून उखळ खिडकीपाशी आणा किंवा एक एलईडी पॅनल घ्या. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकत असेल तर फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ला बांधून टाका.

---

कडकभाकरी:

उशिरा लिहितेय, क्षमा असावी. मधे घरी लग्न होतं.

आधी अण्णांनी सांगितलेलं जुन्या मशीनवर केलं. ती चौकट मी दीड वर्ष बंद करत आले होते, रोज. एक क्लिप एडिटिंगजोगी व्हायला खूप वेळ लागला, पण झाली, आणि आवाज जुळला. त्या रात्री खरेदी रद्दच करावी असं वाटलं. पण एका व्हिडिओच्या पंधरा-सोळा क्लिप असतात. प्रत्येकीसाठी तेवढा वेळ थांबणं नोकरी सांभाळून शक्य नव्हतं.

मग मशीन घेतलं. आय५-१२४००, एच६१० बोर्ड, ८-८ च्या दोन पट्ट्या, ५०० जीबी एनव्हीएमई, समोर जाळीचं कॅबिनेट. रॅमचे भाव चढलेत हे दुकानात गेल्यावर कळलं, तिथेच जास्त गेले. जीएसटीसह ४४ हजारांच्या आत बसलं. दुकानदार शेवटपर्यंत एफ सुचवत होता. मी डब्यावरचं नाव वाचूनच पैसे दिले.

तोच १२ मिनिटांचा व्हिडिओ पुन्हा केला. सगळ्या क्लिप बदलून घेतल्या, प्रॉक्सी चालू, हार्डवेअर एन्कोडर चालू, १०८० मध्ये एक्स्पोर्ट. चहा करून आले तोवर पट्टी अर्ध्यावर होती. मशीन पुढच्या खोलीत हलवलंय, दोन विटांवर.

आईला शेजारी बसवलं. ती आजवर एडिट करताना कधी बसली नव्हती, चित्र थांबायचं तेव्हा तिला चीड यायची. मी बाणाची कळ दाबत एकेक फ्रेम पुढे नेत होते. मुसळ वर, मुसळ खाली. तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. “इथं. बघ, कडेला चमकलं. इथून पुढं कापू नको.”

मला तेल सुटलेलं दिसतच नव्हतं. अजून चार फ्रेम पुढे गेल्यावर दिसलं.

---

पूर्वभाग:

ताई, विटा ठीक. पण मागे भिंतीपासून वीतभर सोडा.

---

कडकभाकरी:

सोडलंय. आत्ता उठून पट्टीने मोजलं, नऊ इंच आहे.